सोलवेच्या फोटोतला पाहुणा

आपल्याकडच्या लग्नांच्या ग्रुप फोटोत एक गृहस्थ हमखास असतात. शेवटच्या रांगेत, अगदी कडेला, अंगात कोट आणि चेहऱ्यावर यजमानाचा भाव. मुलाकडच्यांना वाटतं ते मुलीकडचे आणि मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे. चाळीस वर्षांनी अल्बम बाहेर निघतो, "अगं, हे कोण?" असा प्रश्न येतो, घरातली सगळ्यात म्हातारी आत्या चष्मा पुसून फोटो डोळ्यांजवळ नेते आणि शेवटी "असतील कुणीतरी" म्हणून पान उलटते. जेवून गेले असतील बापडे! विषय संपला.

इंग्लंडमधल्या एका घरगुती फोटोतल्या अशाच 'कुणीतरी'ने मात्र पन्नास वर्षं लोकांना स्वस्थ बसू दिलं नाही. इथे तो फोटो 'सोलवे फर्थ स्पेसमन' म्हणजे 'सोलवेच्या खाडीवरचा अंतराळवीर' या नावाने ओळखला जातो. पाहिला नसेल तर सांगतो. हिरवंगार गवत, त्यावर बसलेली पाच वर्षांची एक गोड मुलगी, अंगात छानसा फ्रॉक, हातात फुलं. कुठल्याही बापाने काढावा असा फोटो. फक्त तिच्या डोक्यामागे पांढऱ्या पोशाखातलं कुणीतरी आहे. जिथे चेहरा हवा तिथे गडद रंगाचं काहीतरी गोल, शिरस्त्राणाच्या काचेसारखं. एक हात कोपरात वाकवलेला. पाय दिसत नाहीत आणि सगळी आकृती जराशी कलती, जणू हवेत तरंगते आहे.

आता हा फोटो कोणी गंमत म्हणून काढलेला नाही. काढणारे जिम टेम्पलटन हे कार्लाइल शहरातले अग्निशमन दलाचे जवान. फोटोग्राफीचा उत्तम नाद असलेले आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक. १९६४ सालच्या मे महिन्यात ते कुटुंबासह फिरायला गेले होते आणि त्यांनी मुलीचे एकामागोमाग तीन फोटो काढले. त्यातल्या एकातच हा पाहुणा आहे. फिल्म धुवायला दिली, प्रिंट आणायला गेले, तेव्हा दुकानातला माणूस म्हणाला की मुलीचा सगळ्यात चांगला फोटो मागच्या माणसाने बिघडवला हो! टेम्पलटन चक्रावले. मागचा माणूस? तिथे तर चिटपाखरूही नव्हतं. लांबवर एका गाडीत दोन म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, एवढंच.

मी ती जागा पाहून आलो आहे. इंग्लंडच्या अगदी वायव्य टोकाला, कार्लाइलहून थोडंसं पुढे एक गाव आहे. त्याचं नाव लिहायचं 'बर्ग बाय सॅंड्स' आणि म्हणायचं 'ब्रफ'! (इंग्रजांच्या स्पेलिंगपुढे इतक्या वर्षांनी मी हात टेकले आहेत.) गावाच्या पलीकडे मैलोन् मैल सपाट गवताळ खाजण, त्यापलीकडे चिखल, मग सोलवेची खाडी आणि पैलतीरावर स्कॉटलंड. गायीगुरं चरत असतात. भरतीचं पाणी फार वेगाने येतं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडवर चालून जाताना १३०७ साली याच खाजणावर वारला. आज त्याच्या नावाचा एक स्तंभ तिथे एकटाच उभा आहे. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, हेड्रियनच्या भिंतीच्या राखणीसाठी उत्तर आफ्रिकेतले सैनिक इथल्या रोमन ठाण्यात येऊन राहिले होते. म्हणजे दूरदेशीच्या पाहुण्यांचं या गावाला वावडं नाही. तरी परग्रहावरचा पाहुणा म्हणजे जरा जास्तच झालं!

तिथे उभं राहिल्यावर एक गोष्ट चटकन लक्षात येते. लपायला जागाच नाही. झाड नाही, भिंत नाही, टेकाड नाही. म्हणून टेम्पलटन यांचं 'कोणी नव्हतं' हे वाक्य इतकं जोरदार वाटतं. इतक्या उघड्या मैदानात पांढऱ्या कपड्यातला माणूस दहा पावलांवर येऊन उभा राहतो आणि दिसत नाही, हे कसं शक्य आहे?

टेम्पलटन फोटो घेऊन पोलिसांकडे गेले. कोडॅक कंपनीच्या तज्ज्ञांनी तो तपासला. निगेटिव्हमध्ये काही लबाडी केलेली नाही, असा त्यांचा निर्वाळा आला. मग स्थानिक वर्तमानपत्राने फोटो छापला, तिथून तो लंडनच्या मोठ्या वर्तमानपत्रांत गेला आणि पुढे जगभर पोचला.

इथे थोडं १९६४ सालात जाऊन बसायला हवं, नाहीतर लोकांना त्या आकृतीत नेमका अंतराळवीरच का दिसला ते कळणार नाही. गागारिन अंतराळात जाऊन आला त्याला तीनच वर्षं झाली होती आणि १९६१ च्या जुलैत तो इंग्लंडचा दौराही करून गेला होता. अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेतल्या वीरांचे चंदेरी पोशाखातले फोटो मासिकांतून घरोघरी पोचले होते. बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली होती आणि शनिवारी संध्याकाळी मुलं सोफ्यामागे लपून ती बघत होती. बरं, हे सगळं कुठेतरी दूर चाललं होतं असंही नाही. कार्लाइलच्या ईशान्येला स्पेडॅडम नावाचं ठिकाण आहे. तिथे 'ब्लू स्ट्रीक' या ब्रिटिश रॉकेटच्या इंजिनांच्या चाचण्या होत. हे रॉकेट मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी होतं. १९६० साली ती योजना गुंडाळली गेली आणि युरोपीय देशांच्या अवकाशयानाचा पहिला टप्पा म्हणून त्याच्यावर काम सुरू राहिलं. खाडीच्या पलीकडे, स्कॉटलंडच्या बाजूला चॅपलक्रॉसची अणुभट्टी १९५९ पासून चालू होती. विजेबरोबर बॉम्बसाठी लागणारं प्लुटोनियमही तिथे तयार होई. (ती २००४ साली बंद झाली.) एका बाजूला रॉकेट, दुसऱ्या बाजूला अणुभट्टी आणि मधल्या खाजणात पांढऱ्या पोशाखातली आकृती. वाचकाच्या मनात गोष्ट आपोआप जुळून आली.

मग ती गोष्ट वाढतही गेली. टेम्पलटन सांगत की फोटो गाजल्यावर काळ्या सुटातले दोघे जण गाडीतून आले. आपण सरकारी माणसं आहोत म्हणाले. एकमेकांना नावाने नव्हे, नंबराने हाक मारत होते. त्यांनी टेम्पलटन यांना खाजणावर नेलं आणि "तो माणूस तुम्ही कुठे पाहिलात?" असं विचारलं. "मी कोणाला पाहिलंच नाही," असं उत्तर मिळाल्यावर दोघं फणकाऱ्याने गाडीत बसून निघून गेले आणि बिचाऱ्यांना पायी घरी यावं लागलं. दुसरी एक कथा ऑस्ट्रेलियातली. तिथल्या वूमेरा तळावरून ब्लू स्ट्रीक उडणार होतं, तिथल्या तंत्रज्ञांना पडद्यावर अशाच दोन आकृत्या दिसल्या, अशी ती हकीगत. रॉकेट ५ जून १९६४ रोजी उडालं, एवढं पक्कं. बाकी ऐकीव.

आता जरा माझ्या धंद्याचं बोलतो. माझं काम मोजमापाच्या उपकरणांचं. मीटर काय दाखवतो आणि पाइपात खरोखर काय चाललंय यांत अंतर असतं, ते अंतर कुठून आलं ते शोधणं यावर माझं घर चालतं. तेव्हा माझ्यापुढे असं कोडं आलं की पहिला प्रश्न असतो, उपकरण कोणतं होतं?

कोडॅकचा निर्वाळा इथे नीट वाचला पाहिजे. 'फोटो खरा आहे' म्हणजे निगेटिव्हवर कोणी हातचलाखी केलेली नाही, भिंगासमोर जे होतं तेच फिल्मवर उमटलं आहे. त्यात 'तो अंतराळवीर आहे' असं कुठेही म्हटलेलं नाही. लोकांनी पहिलं वाक्य वाचलं आणि दुसरं मनाने जोडलं. उलट फोटो खरा असेल तर त्याचा सरळ अर्थ असा की तिथे कुणीतरी होतंच. प्रश्न उरतो तो टेम्पलटन यांना ते का दिसलं नाही, हा.

त्यांचा कॅमेरा होता पेंटॅकॉन एफ, पूर्व जर्मनीत बनलेला. आपल्याकडे एकेकाळी बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत असलेला आगफा क्लिक थ्री आठवतो? त्याचं भिंग वेगळं आणि डोळा लावायची खिडकी वेगळी. त्यामुळे आपण बघायचो एक आणि यायचं दुसरंच, काकांचं डोकं उडायचं आणि सतरंजी मात्र छान यायची! पेंटॅकॉन त्याच्या बराच पुढचा. भिंगातून येणारं दृश्यच आतल्या आरशावरून डोळ्याला दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण या कॅमेऱ्याला दोन खोडी होत्या.

पहिली खोड अशी की त्याच्या खिडकीतून फिल्मवर येणाऱ्या चित्राचा सुमारे ७० टक्केच भाग दिसे. फिल्मची एक चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच. चारही बाजूंची पट्टी, वहीच्या पानाला समास असावा तशी, डोळ्याला दिसतच नसे. फिल्मवर मात्र ती उमटे. दुसरी खोड म्हणजे बटण दाबलं की आरसा वर उचलला जाई आणि फिल्म पुढे सरकवेपर्यंत खाली येत नसे. म्हणजे ज्या क्षणी फोटो निघतो नेमक्या त्याच क्षणी फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार! शिवाय पाच वर्षांचं मूल समोर असलं की बापाचं सगळं लक्ष 'आता हसली, आता हसली' इकडे. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. चेंडूचे पास मोजायला सांगितलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना मधून चालत गेलेलं गोरिलाच्या वेषातलं माणूस दिसलंच नाही. तो छाती बडवून गेला तरीही नाही!

मग समासातून आत शिरलेलं ते 'कुणीतरी' कोण? ब्रिटनच्या उडत्या तबकड्यांच्या सरकारी फायलींवर अनेक वर्षं काम केलेले शेफिल्डचे डॉ. डेव्हिड क्लार्क यांनी या प्रकरणाचा पाठपुरावा केला. त्यांची उकल ऐकली की आपणच कपाळावर हात मारतो. त्या दिवशी टेम्पलटन यांच्याबरोबर त्यांची पत्नी होती. तिचा ड्रेस फिकट निळा. केस गडद रंगाचे आणि मानेपर्यंत कापलेले. त्याच दिवशी काढलेल्या इतर फोटोंत ती आहे आणि त्यांतही उन्हामुळे तिचा निळा ड्रेस पांढराच आला आहे.

म्हणजे अंतराळवीर आपल्याकडे तोंड करून उभा नाहीच. एक बाई आपल्याकडे पाठ करून उभी आहे. शिरस्त्राणाची काळी काच म्हणजे तिचे केस. वाकलेला हात पाठमोऱ्या बाईचा म्हणून पाहिला की अगदी नैसर्गिक दिसतो. उन्हात फिकट रंग जास्त प्रकाशाने 'जळून' पांढरा होतो, कपड्यांच्या चुण्या नाहीशा होतात आणि गुळगुळीत पोशाख तयार होतो. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर नेमका बसवलेला, म्हणून मागचं सगळं पुसट. पाय मुलीच्या आड. फोटो काढताना कॅमेरा किंचित तिरका धरला गेला होता, म्हणून आकृती कलती. अलीकडे संगणकावर लोकांनी तो फोटो थोडा गडद करून क्षितिजाची रेषा सरळ केली आणि अंतराळवीर गायब झाला. तिथे उरली ती उन्हाळ्याच्या कपड्यातली एक आई.

काहींना या उत्तराने निराशा होते. मला होत नाही. मला हे उत्तर मूळ कोड्याहून जास्त हलवून जातं.

कुटुंबाच्या फोटोत अनोळखी आकृती दिसण्याचा इतिहास तसा जुना आहे. बॉस्टनच्या विल्यम ममलर याने १८६० च्या दशकात मेलेल्या नातेवाइकांचे 'आत्मे' फोटोत आणून देण्याचा धंदाच काढला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लाखो घरं उजाड झाली होती, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला झाला, सर्कसवाल्या बार्नमने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तरी तो सुटला. पुढे अब्राहम लिंकनच्या विधवा पत्नीनेही त्याच्याकडून फोटो काढून घेतला आणि त्यात तिच्या खांद्यांवर हात ठेवलेला लिंकन 'उमटला'. तिथे फसवणूक होती. टेम्पलटन यांनी कोणाला फसवलं नाही. त्यांची गोष्ट मला दुसऱ्याच एका जातीच्या फोटोंच्या जवळची वाटते.

त्याच काळात बाळाचा फोटो काढायचा तर कित्येक सेकंद त्याला स्थिर ठेवावं लागे. बाळ कुठलं स्थिर बसतंय! मग आईलाच खुर्चीवर बसवून तिच्यावर पडदा किंवा चादर टाकत आणि मांडीवर बाळ ठेवत. फोटो फ्रेम करताना कडेचा भाग झाकला जाई. आज ते मूळ फोटो पाहिले की अंगावर काटा येतो. बाळाच्या मागे चादरीखाली मानवी आकाराचं काहीतरी! इंग्रजीत अशा फोटोंना 'लपलेली आई' असंच नाव पडलं आहे. सगळ्या फोटोचा आधार ती, आणि दिसू नये म्हणून झाकायचीही तिलाच.

सोलवेच्या खाजणावर चादर कोणी टाकली नव्हती. तरी आई लपलीच. फोटो पोलिसांकडे गेला, कोडॅककडे गेला, वर्तमानपत्रांत गेला. अंतराळवीर, परग्रहवासी, भूत, गुप्त सरकारी प्रयोग, सगळे तर्क झाले. त्या दिवशी खाजणावर नक्की कोण कोण गेलं होतं, त्यांतलं प्रत्येक जण त्या क्षणी कुठे उभं होतं, हा साधा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. मूल बागडत असताना आई आजूबाजूलाच असणार, हे इतकं गृहीत की ते मोजायचंच राहून गेलं.

टेम्पलटन २०११ साली गेले. आपल्याला तिथे कोणी दिसलं नव्हतं, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. ते खोटं बोलत नव्हते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 'मला कोणी दिसलं नाही' हे त्यांचं वाक्य शंभर टक्के खरं. पण त्या वाक्याचं 'तिथे कोणी नव्हतं' कधी झालं ते त्यांना कळलं नाही, आपल्यापैकीही बहुतेकांना कळत नाही. साक्षीदार प्रामाणिक, फोटो अस्सल, कंपनीचा दाखला खरा, आणि तरीही निष्कर्ष चुकीचा. असं घडू शकतं. आजच्या दिवसांत, जेव्हा रोज सकाळी मोबाइलवर कसले ना कसले 'खरेखुरे' फोटो येऊन पडतात, तेव्हा तर हे लक्षात ठेवायलाच हवं. फोटो बनावट आहे का, हा एकच प्रश्न पुरत नाही. खरा असेल तर तो नेमकं काय सांगतो आणि आपण पदरचं काय जोडतोय, हे दोन प्रश्न त्यानंतर विचारायचे.

आणि एक घरगुती विनंती. घरी जुने अल्बम असतील तर येत्या रविवारी काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, फोटोंमागे मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. पुढे उभ्या असलेल्यांची नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात. कडेला, मागे, अर्धवट कापल्या गेलेल्या, पाठमोऱ्या माणसांची आधी विचारून घ्या. ती नावं सांगणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत.